काचेवरची साय

गेल्या रविवारी माझा भाचा वाशीला जेवायला आला होता. सिव्हिल इंजिनिअर आहे, ठाण्याच्या बाजूला एका बोगद्याच्या कामावर असतो. आमटी वाढून घेता घेता त्याने विचारलं, "मावशी, कातळात कितीही ग्राउट भरा, पाणी वाट काढतंच. मग अणुकचरा काचेत ओतून खोल जमिनीत पुरायचा, हे चालणार कसं? पाणी आज ना उद्या काचेपर्यंत येणारच. आणि कुठेतरी वाचलं, त्या काचेची टेस्ट म्हणे सात दिवसांची असते. सात दिवसांवरून तुम्ही लाख वर्षांचं सांगता?"

ताटावर बसून अर्धंमुर्धं उत्तर दिलं, ते मलाच पटलं नाही. बत्तीस वर्षं मी काचेच्या रसायनशास्त्रात घालवली, त्यातली निम्म्याहून जास्त याच काचेवर. म्हणून आता नीट लिहून काढते आहे. लिहिते तुलाच उद्देशून, पण इतर कुणी वाचलं तरी हरकत नाही.

आधी हे कबूल करते की पाण्याबद्दल तुझं बरोबर आहे. पाणी येणार. डब्याभोवती भरलेली माती फुगून वाट बंद करील, पोलादी डबा काही शतकं किंवा काही हजार वर्षं दम धरील, पण या कामातलं कुणीही शहाणं माणूस "पाणी येणारच नाही" असं धरून हिशेब मांडत नाही. आमचा हिशेब सुरूच होतो तो डबा फुटून पाणी काचेला भिडल्या दिवसापासून.

आता "काचेत ओतून" या तुझ्या शब्दाकडे येते, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. बरणीत लोणचं भरावं तसा कचरा काचेच्या भांड्यात भरत नाहीत. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून बहुतेक युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं की नायट्रिक आम्लातला एक जहाल द्रव उरतो. सीझियम, स्ट्रॉन्शियम, टेक्नेशियम, दुर्मीळ मृदा धातू, अशी कितीतरी मूलद्रव्यं त्यात असतात. तो आटवून, भाजून, काचेच्या कच्च्या मालाबरोबर ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात आणि पोलादाच्या डब्यात ओतून थंड करतात. थंड झाल्यावर सीझियमचा अणू काचेच्या जाळीत सोडियमसारखाच एक रहिवासी होऊन बसलेला असतो. इथे बरणी आणि लोणचं एकच. ही काच बोरोसिलिकेट जातीची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या बोरोसिलच्या भांड्याची बहीण, पण बरीच लांबची. भांड्याच्या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका असते. फ्रान्समध्ये ला हाग इथल्या कारखान्यात जी काच ओततात तिच्यात जेमतेम ४५ टक्के. बाकी बोरॉन, सोडियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, झिर्कोनियम, आणि कचरा. बोरॉन घातल्याने काच कमी तापमानाला वितळते, नाहीतर भट्टीतच सीझियम वाफ होऊन उडून जायचं.

थोडं विषयांतर करते, कारण गोष्ट आपल्या अंगणातली आहे. वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो ना, तिथल्या जुन्या द्रवकचऱ्यात सल्फेट भरपूर होतं. इंधनावरच्या प्रक्रियेत फेरस सल्फामेट वापरल्याचा तो परिणाम. साध्या सोडियम बोरोसिलिकेट काचेला सल्फेट पचत नाही. जेमतेम एखादा टक्का मावतो, उरलेलं पिवळ्या थराच्या रूपात वेगळं पडतं, आणि तो थर मिठासारखा पाण्यात विरघळतो, वर सीझियमही ओढून घेतो. म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी काचेवर मिठाचा लेप. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी यावर बेरियम घातलेली काच काढली, तिच्यात सल्फेट मुरतं. काच "चांगली" की "वाईट" हे कचऱ्यावर ठरतं, त्यामुळे परदेशातली कृती उचलून आणली आणि झालं, असं या कामात होत नाही.

बरं, आता पाणी भिडलं.

काच गंजते म्हणायला मराठीत जीभ रेटत नाही. लोखंड गंजतं, काच झिजते किंवा विरते. पण शब्द कुठलाही घे, घडतं ते असं. पहिल्या काही तासांत पाणी काचेच्या वरच्या थरात शिरतं आणि सोडियम, लिथियमसारखे सैल बसलेले अणू बाहेर पडतात. त्यांच्या जागी हायड्रोजन येतो. बोरॉनही त्यांच्याबरोबर चालता होतो. त्याच वेळी, पण सावकाश, दुसरं काम चालू असतं: सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा जो जाळीचा सांधा, तो पाण्याचा रेणू तोडतो. एका सांध्याची दोन मोकळी टोकं होतात. एखाद्या सिलिकॉनचे सगळे सांधे तुटले की तो सिलिसिक आम्ल होऊन पाण्यात उतरतो. तू काँक्रीटमधली अल्कली-सिलिका रिॲक्शन शिकला असशील. खडीतल्या सिलिकेला सिमेंटचं अल्कधर्मी पाणी खातं आणि काँक्रीटला तडे जातात. रसायन तेच आहे, फक्त तिथे ती तुमची डोकेदुखी आणि इथे आमची.

हे असंच चालू राहिलं असतं तर तुझी शंका शंभर टक्के खरी ठरली असती. पण चालू राहत नाही, आणि या विषयाचं मर्म तिथेच आहे.

कैरीच्या लोणच्याच्या खारात मीठ जास्त झालं की तळाशी तसंच बसून राहतं, बघितलं असशील. पाण्याने जेवढं घ्यायचं तेवढं घेतलेलं असतं. काचेभोवतीचं पाणी थोडं असेल आणि हलत नसेल, तर त्यात सिलिका साचत जाते आणि पाण्याची भूक भागते. तुटलेल्या सांध्यांपैकी बरेचसे पुन्हा जुळू लागतात. पण जुळतात ते जुन्या काचेसारखे नाही. सोडियम आणि बोरॉन निघून गेलेला, ॲल्युमिनियम आणि झिर्कोनियम राखून असलेला, पाण्याने भिजलेला एक नवा थर तयार होतो. त्याला आम्ही जेल म्हणतो. मी विद्यार्थ्यांना साय म्हणून सांगायचे. दुधावरची साय बाहेरून आलेली नसते, दुधाचीच असते आणि दुधालाच झाकते. ही साय तशीच काचेची, काचेवरच धरलेली. तिची छिद्रं नॅनोमीटरच्या मापाची, इतकी बारीक की त्यातलं पाणी पाण्यासारखं वाहू शकत नाही. खालच्या ताज्या काचेपर्यंत पोचायला पाण्याला आणि बाहेर पडायला बोरॉनला युगं लागतात.

याने फरक किती पडतो, ते आकड्यांतच सांगते, कारण तुला आकड्यांशिवाय झोप येत नाही. फ्रान्सच्या त्या काचेवर ९० अंशांना शुद्ध, सतत बदलतं पाणी सोडलं तर दिवसाला दर चौरस मीटरमागे सुमारे १ ग्रॅम काच जाते. साय धरल्यावर, सिलिकेने भरलेल्या पाण्यात, हाच वेग साधारण दहा हजार पटींनी उतरतो. काचेची घनता २.७ धर आणि भागाकार कर. पहिल्या वेगाने वर्षाला १३५ मायक्रॉन, दुसऱ्या वेगाने वर्षाला १३ नॅनोमीटरच्या आसपास. आता ओतलेली काच थंड होताना तडकते. डब्यात अखंड ठोकळा नसून तुकडे असतात. दोन सेंटीमीटर जाडीचा तुकडा घे, दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर खायचा आहे. पहिल्या वेगाने तो ७४ वर्षांत संपतो. दुसऱ्या वेगाने सात लाख चाळीस हजार वर्षं. काच तीच, तापमानही तेच. बदललं ते फक्त पाणी. शिवाय हे सगळं ९० अंशांचं आहे. डबा फुटेपर्यंत काच बरीच निवलेली असते, आणि ९० वरून २५ अंशांवर आलं की तो सुरुवातीचा वेगसुद्धा शेकडो पटींनी मंदावतो.

म्हणून कुणी मला "ही काच किती वर्षं टिकते?" असं विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या पाण्यात?

इथे तू मला अडवशील असं वाटतं, कारण तुर्भ्याच्या काचवाल्याकडे याच्या अगदी उलटं बघायला मिळतं. आमच्या बाल्कनीच्या काचा बदलल्या तेव्हा मी त्याच्या गोदामात गेले होते. पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या काचांच्या मध्ये ओल शिरली होती, आणि काचा वेगळ्या केल्या तर त्यांवर इंद्रधनुष्यासारखे डाग, काहींवर पांढुरका धूर. पुसून जाईनात. तो बिचारा वैतागला होता. आणि माझ्या घरची खिडकी, जिच्यावर चार महिने पाऊस आपटतो, ती स्वच्छ! म्हणजे अडकलेलं, न हलणारं पाणी वाईट आणि वाहतं पाणी चांगलं, असंच ना?

खिडकीच्या काचेपुरतं खरं आहे. ती सोडा-चुन्याची काच. दोन काचांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यात सोडियम उतरतं, पण त्याला आवरणारं काही नसतं, त्यामुळे पडदा अल्कधर्मी होत जातो आणि पीएच चढला की तो जाळीवरच तुटून पडतो. म्हणून तर कारखान्यातून काचा येतात तेव्हा मध्ये कागद किंवा पावडर घालतात. कचऱ्याच्या काचेत सोडियमबरोबर बोरॉनही उतरतो. बोरिक आम्ल आणि सोडियम मिळून पीएचला ९ च्या आसपास धरून ठेवतात, त्याला पळू देत नाहीत. आणि ॲल्युमिनियम-झिर्कोनियममुळे साय घट्ट धरते, तशी खिडकीच्या काचेवर धरत नाही. तेच अडकलेलं पाणी एकीला मारतं आणि दुसरीला तारतं. हे मला स्वतःला नीट कळायला चार-पाच वर्षं लागली होती, त्यामुळे तुला एका वाचनात गोंधळल्यासारखं झालं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आता ती सात दिवसांची टेस्ट. तिला पीसीटी म्हणतात, म्हणजे प्रॉडक्ट कन्सिस्टन्सी टेस्ट. काच कुटून चाळतात, ७५ ते १५० मायक्रॉनचा भुगा घेतात, बारीक धूळ धुऊन काढतात, १ ग्रॅम भुग्याला १० मिलिलिटर शुद्ध पाणी, ९० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस. मग पाण्यात बोरॉन, सोडियम, लिथियम, सिलिकॉन किती उतरलं ते मोजायचं. बोरॉनवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण तो सायीत अडकत नाही. जेवढा बाहेर आला तेवढी काच बाधली असं सरळ म्हणता येतं. पण ही परीक्षा भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा एकसारखा आहे ना, एवढंच बघण्यासाठी रचलेली आहे. तुम्ही काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांनी फोडता. क्यूब पास झाला म्हणून पूल शंभर वर्षं उभा राहील असं तू लिहून देशील का? ज्याने कुणी सात दिवसांवरून लाख वर्षांचं सांगितलं असेल, त्याने परीक्षेचा चुकीचा कागद वाचला.

या परीक्षेत मी एकदा चांगलंच तोंडघशी पडले आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. टेफ्लॉनचे डबे सगळे गुंतलेले, म्हणून मी दोन नमुने प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काचेच्या बाटल्यांत लावले. आठवड्याने बोरॉन भरमसाट. मी मोठ्या आत्मविश्वासाने टिपण लिहिलं की ही काच टाकाऊ आहे. आमच्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाटली कशाची होती?" बाटली अर्थातच बोरोसिलिकेटची. ९० अंशांच्या अल्कधर्मी पाण्याने माझ्या नमुन्याबरोबर बाटलीलाही कुरतडलं होतं. त्यानंतर वर्षभर कुणी चहाचा ग्लास हातात दिला तरी "कशाचा आहे ते बघून घे" असं ऐकावं लागलं.

मग लाख वर्षांचं सांगतात कशावरून? लांबच्या प्रयोगांवरून, यंत्रणेच्या समजुतीवरून आणि जुन्या काचांवरून, तिन्ही मिळून. फ्रान्समध्ये एक प्रयोग ग्रॅनाइटच्या भूजलासारख्या पाण्यात, ९० अंशांवर, पंचवीस वर्षांहून जास्त चालला. आमच्यातल्या कित्येकांची नोकरी तेवढी चालत नाही. वेग तिथेही तळाला बसलेला राहिला, पण शून्य झाला नाही, आणि ही "पण" महत्त्वाची आहे. सायीतून थोडं थोडं पाझरणं चालूच राहतं आणि साय स्वतःही हळूहळू चिकणमातीच्या खनिजांत बदलत जाते. हा उरलेला वेग नेमका कशाने ठरतो यावर अजून वाद आहे. काहींच्या मते साय म्हणजे सैल अणू निघून गेल्यावर उरलेली, जागच्या जागी पुन्हा बांधली गेलेली जाळी. दुसऱ्यांच्या मते काच सीमेवर पूर्ण विरघळते आणि तिथल्या तिथे नवा सिलिका थर बसत जातो. ऑक्सिजन आणि सिलिकॉनचे जड समस्थानिक पाण्यात घालून कुठला अणू कुठून आला याचा माग काढतात, तरीही दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. माझं मत विचारशील तर काच आणि पाणी बघून दोन्ही गोष्टी घडतात. परिषदांमध्ये यावर आवाज चढलेले मी ऐकले आहेत.

जुन्या काचांचं मात्र मला फार अप्रूप. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, तुलाँजवळच्या एम्बिए बेटांपाशी, एक रोमन जहाज बुडालेलं सापडलं. त्यात कच्च्या काचेचे मोठे ठोकळे होते, सुमारे १८०० वर्षं समुद्राच्या पाण्यात पडलेले आणि आपल्या कचऱ्याच्या काचेसारखेच तडकलेले. तपासल्यावर दिसलं की बाहेरचा पृष्ठभाग आणि रुंद भेगा जास्त झिजल्या, पण आतल्या केसासारख्या भेगा काचेच्याच झिजेतून आलेल्या पदार्थांनी बुजल्या आणि तिथे झीज फारच थोडी. म्हणजे तडकलेली काच दिसायला भयंकर, पण त्या सगळ्या भेगा सारख्याच उघड्या आहेत असं धरलं तर हिशेब उगाच फुगतो. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर बेतलेल्या मॉडेलने या भेगांमधली जाडी बऱ्यापैकी बरोबर सांगितली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण हवेत गोळ्या मारत नाही.

आता या सायीचे शत्रू. तुझ्या कामाचा भाग इथे येतो.

पाण्यात मॅग्नेशियम असेल तर ते सिलिकेला धरून मॅग्नेशियमची चिकणखनिजं बनवतं. पाण्यातली सिलिका अशी कुणी उचलून नेली की पाण्याला पुन्हा भूक लागते आणि काच पुन्हा विरू लागते. खाडीच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर, म्हणून समुद्राच्या पाण्यातले प्रयोग नेहमी वाईट दिसतात. लोखंडाचंही तेच. डबा गंजला की त्याचा गंज सिलिका शोषतो, लोह-सिलिकेट बनवतो. ज्या डब्याने काचेला सांभाळायचं तोच म्हातारा झाला की पाण्यातली सिलिका पळवतो, म्हणून काचेबरोबर किती लोखंड पुरायचं हाही डिझाइनचा प्रश्न असतो. २०२० साली अमेरिकेतल्या एका गटाने आणखी एक दाखवलं: स्टेनलेस स्टील आणि काच एकमेकांना चिकटून असतील तर त्या चिमुकल्या फटीत पोलादाच्या गंजण्यामुळे आम्ल तयार होतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. बातम्यांनी त्याचा बराच गाजावाजा केला. निष्कर्ष खरा आहे, पण प्रयोग खाऱ्या पाण्यात, ९० अंशांवर, महिनाभराचा होता. तो मॉडेलमध्ये घातला पाहिजे. त्यावरून काच निकालात काढणं मात्र घाई होईल.

सगळ्यात मोठा शत्रू तुमचं सिमेंट. बोगद्याला अस्तर लागतं, तोंडं बुजवायला काँक्रीट लागतं, आणि सिमेंटमधून झिरपलेल्या पाण्याचा पीएच १२-१३. एवढ्या अल्कधर्मी आणि वर गरम पाण्यात काही काचांचं विचित्र होतं. महिनोन् महिने वेग तळाला बसलेला असतो, साय धरलेली असते, आपण निश्चिंत असतो, आणि एक दिवस बोरॉनची रेघ एकदम वर उसळते. कारण पाण्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक जन्माला आलेले असतात. झिओलाइटला ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हवं असतं, आणि ते ज्या सायीत जपून ठेवलेलं असतं तिथूनच तो ते खेचतो. साय फाटते. याला आम्ही तिसरा टप्पा म्हणतो; पहिला भराभर विरण्याचा, दुसरा साय धरून तळाला बसण्याचा. एखाद्या जागी तो येणार का, कधी येणार, हे आधी सांगणं अजूनही कठीणच. स्फटिकाचं पहिलं बीज कधी पडेल ते कॅलेंडर बघून ठरत नाही. म्हणून अशा भूमिगत जागांसाठी कमी पीएचचं सिमेंट मुद्दाम तयार करतात. काचवाले आणि काँक्रीटवाले एका टेबलावर बसले नाहीत तर काय होईल, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

झिओलाइट तुला नवीन नाहीत. बोगद्याच्या काळ्या कातळात मधेच पांढरे, गुलाबी, मोत्यासारखे चमकणारे स्फटिकांचे पुंजके दिसतात ना, पारसिकच्या खाणींतही मिळायचे, त्यांत बरेचसे झिओलाइट. आपल्याकडे सरसकट गारगोट्या म्हणून सोडून देतात. सिन्नरला याच खनिजांचं "गारगोटी" नावाचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन ये. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला तेव्हा जिथे तो झटकन थंड झाला, विशेषतः मुंबईच्या बाजूला जिथे तो पाण्यात ओतला गेला, तिथे त्याची काच झाली. बेसॉल्टच्या काचेतली सिलिका पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या कचऱ्याच्या काचेच्या बरीच जवळची. मग कोमट-गरम भूजल त्या काचेत आणि खडकात फिरलं. काच पिवळट-तपकिरी पदार्थात बदलली, त्याला पॅलागोनाइट म्हणतात. तीही एक प्रकारची सायच. पुढे तिची माती झाली आणि सुटलेली सिलिका बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट होऊन बसली. म्हणजे तू रोज ज्या कातळात ड्रिलिंग करतोस त्यात पहिल्यापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंतची सगळी गोष्ट भरलेली आहे. गरम पाणी आणि कोट्यवधी वर्षं मिळाली तर काच शेवटी हरते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आपल्याला कोट्यवधी वर्षं नको आहेत. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. तीनशे वर्षांत दहा अर्धायुष्यं होतात, हजारावा हिस्सा उरतो. तेवढा काळ डब्यानेच निभवायचा असतो, काचेला पाणी लागूच द्यायचं नाही. त्यानंतर उरतात ते लांब पल्ल्याचे. प्लुटोनियम, अमेरिसियम आणि दुर्मीळ मृदा धातू यांना सायच बऱ्याच प्रमाणात धरून ठेवते. काच विरली तरी ते काचेबरोबर चालू लागत नाहीत. खरी काळजी टेक्नेशियम-९९ सारख्याची. अर्धायुष्य दोन लाख अकरा हजार वर्षं, आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तो साय वगैरे मानत नाही, सरळ निघतो. खोल जमिनीतल्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मात्र तो अविद्राव्य रूपात बसकण मारतो. पुन्हा तेच बघ, प्रश्न पाण्याचा. सीझियमबद्दल एक गंमत सांगायची राहिली. ट्रॉम्बेच्या कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवतात आणि त्या रक्तावर किरणांची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांत जातात. जी काच पुरायची म्हणून आपण एवढी चर्चा करतो आहोत, तिचीच एक भावंडं रक्ताच्या पिशव्यांच्या कामी येत आहेत.

आपल्या देशात अजून अशी काच जमिनीखाली कायमची पुरलेली नाही. तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम इथे काच ओतली जाते. तारापूरला डबे ठेवण्याची खास जागा आहे, तिथे हवा आपोआप खेळत राहते आणि डब्यांची उष्णता काढून नेते. पंप नाही, पाणी नाही. पहिली काही दशकं काच गरम असते, तेव्हा तिला असंच निवू देतात. पुढच्या कायमच्या जागेसाठी आपल्याकडे ग्रॅनाइटचा अभ्यास झाला आहे, बेसॉल्टकडे फारसं कुणी वळलं नाही, आणि वरचं वाचल्यावर त्याचं एक कारण तुला कळलंच असेल. ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे हजार मीटर खोल, तापक लावून खडक उष्णतेला कसा वागतो याचे प्रयोगही झाले होते. जागा निवडायची वेळ येईल तेव्हा माझं पहिलं मागणं खडकाच्या ताकदीचं नसेल. तिथलं पाणी वर्षाला किती हलतं, त्यात मॅग्नेशियम किती, ऑक्सिजन आहे का, आणि आत किती सिमेंट घालणार आहात, हे मी आधी विचारीन. ताकदीचं काय ते तू बघ.

बोगद्यातून एक काम कर. पांढरे स्फटिक भरलेला एखादा दगड, मुठीएवढा, भेग मधोमध जाईल असा बघून ठेव. क्रशरकडे जायच्या आधी. पुढच्या वेळी येताना घेऊन ये, माझ्याकडे जुनं भिंग आहे. स्फटिकाच्या आणि कातळाच्या मध्ये एक हिरवट-तपकिरी पातळ रेघ बहुतेक वेळा दिसते. ती तुला दाखवायची आहे.